न धुतलेल्या कपातला चहा

माझ्या भावोजींची मला किळस येते. हे वाक्य मी इतकी वर्षं तोंडातल्या तोंडात घोळवलं, आज एकदाचं थुंकून टाकते. आता कुणी विचारेल, दारू पितात का? नाही. ताईवर हात उगारतात? नाही. पगार उडवतात? छे, पगार पाकिटासकट ताईच्या हातात. माणूस स्वच्छ आहे. नखांपासून बुटांच्या तळव्यापर्यंत स्वच्छ. तक्रार करायला जावं तर लोक मलाच वेड्यात काढतील, म्हणून आणखीच जळफळाट होतो.

भावोजी नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक आहेत. खाणावळी, चहाची दुकानं, बेकऱ्या, जिथे म्हणून माणसं पैसे देऊन काही तोंडात घालतात तिथे न सांगता जाऊन धडकायचं, हे त्यांचं काम. खिशात एक पांढरं फडकं असतं. शेगडीच्या मागे, फळीच्या वर, नळाच्या खालच्या बाजूला, जिथे मालकाचा स्वतःचा हातही कधी पोचलेला नसतो, तिथून ते फडकं फिरवायचं आणि काही न बोलता मालकाच्या नाकासमोर धरायचं. बेकरीवाल्याची बायको माझ्याकडे केस कापून घ्यायला येते. ती एकदा म्हणाली, "तुमच्या भावोजींनी फडकं काढलं की आमच्या ह्यांच्या पोटात कळ येते." मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडे ते कधीतरी येतात. माझी बहीण त्या फडक्याबरोबर नांदतेय."

माझ्या दुकानाच्या उंबऱ्याच्या आत भावोजींनी आजवर पाऊल टाकलेलं नाही. जमिनीवर केस असतात ना! निरोप द्यायचा असला तरी बाहेर फुटपाथवर उभे राहून देतात, आणि मी बोलायला बाहेर गेले की माझ्या झग्याला कुणाचे केस चिकटलेत का ते बघत राहतात. घरी आले तर खुर्ची पुसून बसतात आणि पाणी स्वतःच्या बाटलीतलं पितात. वर म्हणतात, "राग मानू नकोस, सवयीचा भाग आहे." मी कशाला राग मानू? ते गेले की ती खुर्ची मीही पुसते.

ताईच्या घरात कप आधी साबणाने घासायचा, मग पुन्हा घासायचा, मग ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचा, मग उकळत्या पाण्यातून काढायचा. हे सगळं नुसत्या हातांनी. ऑफिसातून भावोजींना रबरी हातमोज्यांचे खोकेच्या खोके मिळतात, पण ते लोकांच्या मोऱ्या तपासायला. ताईने एकदा त्यातली एक जोडी मागितली होती. तर म्हणाले, "मोजे घालून चिकटपणा कळत नाही. बोटांना कळलं पाहिजे, तरच भांडं निघालं म्हणायचं." आणि एखाद्या कपाला केसाएवढी जरी भेग गेली, तरी तो त्याच दिवशी कचऱ्यात. "भेगेत घाण बसते. भेग गेलेलं भांडं वापरात ठेवायचं नसतं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

अशा घरात ताईचे हात शाबूत राहतील कसे? आधी बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या, मग तळहातांवर, मग अंगठ्याच्या बुडाशी रक्त यायला लागलं. एके दिवशी ती दुकानात आली आणि दार लावून घेत म्हणाली, "जरा बघतेस का?" मी बघितलं. दिवसभर लोकांच्या टाळवा बघणारी बाई मी, कोंडा, खवडे, उवा, सगळं बघून झालेलं. पण असे हात मी कुठे बघितले नव्हते. मी तिला तशीच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी मलम दिलं आणि सांगितलं, "मलम नावापुरतं. हे हात काही दिवस कोरडे राहिले पाहिजेत. पाण्यात घालायचेच नाहीत."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "आज भावोजींना सांगून टाक."

"वेडी आहेस का? त्यांना हे दिसलं तर माझ्या हातचं खातील तरी का?"

म्हणजे बघा. लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि बाईला भीती कशाची, तर नवऱ्याला आपली किळस येईल याची. ती जेवायला वाढताना हाताला फडका गुंडाळायची, गरम भांडं धरल्याचं निमित्त करून. आणि ज्या माणसाला परक्या कपावरची केसाएवढी भेग खोलीच्या या टोकावरून दिसते, त्याला ते कधी दिसलं नाही.

समुद्रावर जायचं ताईच्या डोक्यात आलं ते यातून. घरात राहून हात कोरडे राहणार नव्हते. माझ्या एका गिऱ्हाइकाने एक लहानसं कोळ्यांचं गाव सांगितलं होतं. बस थेट जाते, किनाऱ्यावर होड्या, वाळत घातलेली जाळी आणि चार घरं. करायला काहीच नाही. "तेच हवंय," ताई म्हणाली. "दोन रात्री. मला एक खुर्ची हवी, आणि दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा. मी न धुतलेल्या कपात." हे सांगताना ती लाजली. लोक राजवाडे मागतात, आणि ही बया कप मागताना लाजत होती.

मला वाटलं भावोजी नाहीच म्हणतील. ते लगेच हो म्हणाले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

"आराम करायचाच तर नीट करू," ते म्हणाले. "पण आधी जागा बघायला हवी." आणि पुढच्या सुट्टीला ताईला घरी ठेवून स्वतः एकटे त्या गावी गेले. टॉर्च, मोजे आणि फडकं घेऊन. संध्याकाळी परतले ते फुलून. मी त्या दिवशी तिकडेच जेवायला होते. पहिला घास तोंडात जातोय न जातोय तोच सुरू.

"एका ठिकाणी मोरीची जाळी उचलली. आत काय असेल?"

"अहो, जेवताना नको," ताई म्हणाली.

"केसांचा गुंता. असा, मुठीएवढा. त्याला साबणाचा लगदा लागलेला, आणि त्यात कुणाचं तरी बोटाचं बँडेज." एवढं बोलून भावोजींनी भात कालवला आणि चवीने खाल्ला. "उशीचा अभ्रा काढला, तर आतल्या खोळीवर नकाशे. लाळेचे. एकावर एक. किती डोकी झोपून गेली असतील!"

मी हातातला घास ताटात टाकला. ताईने तर ताट सरकवलंच. भावोजींनी मात्र परत वाढून घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसाला घाणीचा तिटकारा आहे असं आपण उगाच समजतो. घाण हे यांचं पक्वान्न आहे. नसली तर हे उपाशी मरतील.

हा प्रकार मग चालूच राहिला. दर सुट्टीला जायचं, तिथली नाहीतर शेजारच्या गावातली एखादी जागा नापास करून यायचं आणि जेवताना तिचं वर्णन करायचं. आरामाच्या सहलीचं नियोजन म्हणे! ताई घरी त्यांचे कपडे, बूट, मोजे आणि ते फडकं ब्लीचिंगमध्ये घालून धुवायची. हातांना विश्रांती मिळावी म्हणून काढलेल्या सहलीपायी हात आणखी फाटत चालले होते. आजारापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच.

शेवटी ताईने न राहवून सांगितलं, "आता मी बरोबर येते. बॅग घेऊनच. आवडलं तर तिथेच राहू, नाहीतर परत येऊ." आणि मला म्हणाली, "तूही चल गं. नाहीतर हे मला तिथल्या मोऱ्या घासायला बसवतील." मी दुकानाला कुलूप लावलं.

सकाळी त्यांच्या दारात पोचले तर सामानाचा ढीग. दोन बादल्या, एकीत फिनेल आणि खराटा, दुसरीत ब्लीचिंगचा डबा. चादरी, उश्या. घरचे कप वर्तमानपत्रात गुंडाळलेले. चहाची पूड, साखर, छोटी शेगडी. भावोजी खूश होते. "आता काही अडचण नाही. जागा कशीही असू दे, आधी हिने एक हात फिरवला की झालं. चहासुद्धा बाहेरचा नको, हीच करेल." मी ताईकडे पाहिलं. ती त्या शेगडीकडे बघत उभी होती. तिच्या दोन रात्रींतली एक इथेच, दारातच संपली होती. एक हात पाठीमागे धरून दुसऱ्या हाताने तिने कुलूप लावलं.

गावात उतरलो तर समोर खरंच समुद्र. इतका जवळ की ताई बसच्या पायरीवरच थांबली आणि मागच्या लोकांनी हाका मारल्या. भावोजींनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "समुद्र कुठे पळून जात नाही," म्हणून ते आम्हाला स्टँडसमोरच्या लॉजमध्ये घेऊन गेले. तिथला संडास मी वर्णन करून सांगणार नाही, मी भावोजी नाही. एवढंच सांगते, की भांड्याच्या कडेवरून, खालून, आतून त्यांनी फडकं फिरवलं, उजेडात नेऊन निरखलं आणि "वा!" म्हणाले. मग नीट घडी घालून खिशात ठेवलं. लॉजवाला पोरगेला माणूस होता, तो बिचारा हिरमुसून म्हणाला, "साहेब, पाणी टाकणारच होतो." भावोजींनी त्याचं बौद्धिक घेतलं. आम्ही दोघी बाहेर बादल्या सांभाळत उभ्या.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक बसकं घर होतं. पुढे व्हरांडा, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, खुर्च्यांसमोर थेट पाणी. मालकीण अंगाने भारदस्त, गुडघे धरलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. "खोली एक आहे. गादी कडक आहे. मऊ हवी असेल तर स्टँडवर जा." ताई तोवर खुर्चीत बसलीही होती. तिने पाय लांब केले. मी तिला तशी बसलेली लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

भावोजी आत शिरले. गादी उलटल्याचा आवाज आला, मग मोरीची जाळी, मग खिडकीची कडी. बाहेर आले ते पडल्या चेहऱ्याने. काही सापडलं नव्हतं. "भिंतीला जरा ओल आहे," ते म्हणाले.

"समुद्र आहे. ओल असणारच," मालकीण म्हणाली आणि आत जाऊन चहा घेऊन आली. चार कप. पांढरे, जाड, साधे. एक तिने ताईच्या हातात दिला. ताईने तो दोन्ही तळव्यांत धरला, गरम कपाच्या निमित्ताने हाताला गुंडाळलेल्या फडक्यासकट, आणि वाफ तोंडावर घेतली. आता ओठाला लावणार, एवढ्यात भावोजी म्हणाले, "थांब थांब," आणि तिच्या हातातून कप घेऊन, खिशातून फडकं काढून, त्याची कड गोल पुसली. मग स्वतःच्या कपाची पुसली.

मी बघतच राहिले. ते फडकं! मघाशी लॉजमध्ये कुठे कुठे फिरून आलेलं ते फडकं! घडी अशी घातली होती की पिवळट भाग बाहेरच होता.

माणूस इतका काटेकोर, मग हे कसं झालं? मला विचाराल तर ते फार सोपं आहे. रोज रात्री ते फडकं खुंटीला लावतात आणि सकाळी ते पांढरंशुभ्र होऊन खिशात येतं. मधे ताई असते. ही मधली ताई त्यांच्या हिशेबात कधी आलीच नाही. फडकं आपोआप पांढरं होतं अशी त्यांची समजूत आहे. आणि फडक्यावरची घाण ही नेहमी दुसऱ्याची असते. सहलीसाठी एका दिवसात दोन जागा, मधे ताईने फडकं न धुता, त्यांनी कधी तपासल्याच नसाव्यात. दर सुट्टीला एकाच जागेची घाण ओरपून घरी यायचे.

"भावोजी," मी म्हटलं, "हे मघाचंच फडकं ना? संडासातलं?"

मी हळू बोलू शकले असते. नाही बोलले. चांगलं व्हरांडाभर ऐकू जाईल असं बोलले, आणि मला फार बरं वाटलं. भावोजींचा चेहरा आधी लाल झाला, मग पिठासारखा पांढरा. त्यांनी फडकं उलगडून पाहिलं. मग बोटांकडे पाहिलं. मग धावत जाऊन व्हरांड्याच्या कडेला ओकले. मालकिणीने दोन्ही कप उचलले, चहा वाळूत ओतला, आणि आत गेली.

तोंड धुऊन भावोजी परत आले ते ताठ होऊन. "चला. ही जागा काही ठीक नाही. आता घरीच जाऊ."

माझा आनंद तिथल्या तिथे विरला. हसायला गेले मी, आणि भुर्दंड पडणार होता ताईला. ती खुर्चीतून उठायला लागली. सवयीने. नवरा चला म्हणाला की उठायचं. तेवढ्यात मालकीण दुसरा कप घेऊन आली, आणि ताईने तो घ्यायला हात पुढे केला तेव्हा गुंडाळलेला फडका सुटून खाली पडला.

"अगं बाई," मालकीण म्हणाली. "हात का असे?"

"काय झालं?" भावोजी म्हणाले.

ताईने हात मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण मालकिणीने मनगट धरून ठेवलं होतं. भावोजी जवळ आले. आणि त्या भर दुपारी, समुद्रावरच्या डोळे दिपतील अशा उजेडात, त्यांनी खिशातून टॉर्च काढला. काढला, लावला आणि माझ्या बहिणीच्या तळहातावर मारला. एक एक चीर बघत गेले. बोट न लावता. मान तिरकी करून, अगदी मोरीच्या जाळीत बघतात तशी.

एवढी घाण बघितली मी आयुष्यात, पण त्या टॉर्चच्या उजेडाएवढं घाणेरडं काही बघितलं नाही.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस दुसरं काहीतरी बोलेल. काहीही. दुखतं का, एवढं जरी म्हणाले असते.

"भेगेत घाण बसते," भावोजी म्हणाले. "आणि तू याच हातांनी स्वयंपाक करत होतीस?"

ताईने मालकिणीच्या हातातून आपलं मनगट सोडवून घेतलं, कप घेतला आणि पुन्हा खुर्चीत बसली. बसली ती पाय लांब करून.

"भेग गेलेलं वापरात ठेवत नाहीत ना आपल्याकडे?" ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा, भाजी काय करू विचारल्यासारखा. "मग टाका मला. इथेच टाकून जा."

"भलतंच काय बोलतेस! परक्या माणसांसमोर..."

ताईने कप तोंडाला लावला. घोट घेतला, डोळे मिटले, आणि आणखी एक घोट घेतला. भावोजी तिच्या ओठांकडे आणि कपाच्या कडेकडे बघत राहिले. मग मालकीणच म्हणाली, "बाई राहतील. तुमची बस मात्र सुटेल."

मला दुकान उघडायचं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर परत निघाले. निघताना ताईने बॅग तेवढी ठेवून घेतली. बादल्या आणि शेगडी पायाने आमच्याकडे सरकवल्या. "कधी येऊ न्यायला?" भावोजींनी विचारलं. ती समुद्राकडे बघत होती. बहुधा ऐकू गेलं नसावं.

बस अर्धी रिकामी होती. मी खिडकीशी बसले. भावोजी दोन्ही हातांत बादल्या घेऊन मधल्या वाटेत उभे राहिले, कारण सीट पुसायला त्यांच्याकडे फडकं नव्हतं. वळणावर हेलकावे खायचे, पण दांडी धरायचे नाहीत. मला दया यायला हवी होती म्हणतात. नाही आली.

घर जवळ आलं तसं ते खाली वाकून हळूच म्हणाले, "सकाळचे कप तसेच ओट्यावर पडलेत. घाईत राहून गेले."

"मग धुवा की," मी म्हटलं. "फक्त मोजे घालू नका हं, भावोजी. मोजे घालून चिकटपणा कळत नाही."